एरवी कितीला मिळतो?

परवा रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, "ताई, फ्रिजवर ४२ टक्के सूट आहे, १८ मिनिटं उरलीत, घेऊ का?" मी तेव्हा गाढ झोपेत होते गं. सकाळी दूध तापत ठेवून फोन बघितला, तोवर तुझी १८ मिनिटं कधीच सरली होती. आता तू एक तर फ्रिज घेऊन मोकळी झाली असशील, नाही तर संधी हुकली म्हणून हळहळत बसली असशील. काहीही झालेलं असो, आधी चहा टाक आणि शांतपणे बस. नवीन नोकरी, नवीन भाड्याचं घर, डिपॉझिट भरून रिकामं झालेलं खातं, आणि त्यात ही दिवाळीची झुंबड. गोंधळायला होणारच. पण तू ऑफिसात लाखालाखाचे हिशेब तपासतेस ना? मग एका फ्रिजचा हिशेब तुला जमणार नाही असं होईल का?

आता माझी फजिती ऐक, म्हणजे तुला जरा बरं वाटेल. काही वर्षांपूर्वी मी असाच एका सेलमध्ये मिक्सर घेतला. पडद्यावर ८,९९५ रुपये खोडलेले, खाली ठसठशीत ३,४९९, आणि हिरव्या चौकटीत ६१ टक्के सूट. मी इतकी खूश, की बोलायची सोय नाही. रात्री जेवताना सगळ्यांना ऐकवलं, "आज मी साडेपाच हजार वाचवले." दादरची मावशी तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. ती मुंबई ग्राहक पंचायतीची जुनी सदस्य. १९७५ साली ही संस्था सुरू झाली तेव्हापासूनच्या गोष्टी तिच्याकडे आहेत. चाळीतल्या बायकांनी मिळून संघ करायचा, महिन्याच्या वाणसामानाची यादी भरायची, आणि माल आला की एकीच्या घरी बसून वाटून घ्यायचा, यात तिची हयात गेली. तिने मिक्सर उलटापालटा करून बघितला, भांड्याचं झाकण लावून काढून बघितलं, आणि विचारलं, "सूट राहू दे गं. एरवी कितीला मिळतो?"

मला उत्तर देता येईना. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात गेले. तोच मिक्सर, तेच मॉडेल, ३,४५० रुपये. वर दुकानदार म्हणाला, "ताई, घरी येऊन जोडून देतो." म्हणजे साडेपाच हजार वाचवण्याच्या नादात मी ४९ रुपये जास्त मोजले होते. घरी येऊन मी हे कुणालाही सांगितलं नाही. आज तुला सांगतेय, ते तुझ्या पोटात राहू दे.

त्या दिवसापासून मावशीचा तो प्रश्न मी सोडलेला नाही. आणि खरं सांगू का, पुढे ग्राहक कायदा वाचायची वेळ आली तेव्हा मी चाटच पडले. मावशीचा प्रश्न जवळजवळ तसाच्या तसा कायद्यात आहे! ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. त्यात अनुचित व्यापारी प्रथा कशाला म्हणायचं याची लांबलचक व्याख्या आहे, कलम २ मधलं ४७वं उपकलम. त्यात म्हटलंय की एखादी वस्तू सर्वसाधारणपणे ज्या किमतीला विकली जाते, तिच्याबद्दल लोकांची दिशाभूल करणं ही अनुचित प्रथा आहे. 'सर्वसाधारणपणे' म्हणजेच आपलं 'एरवी'. जुन्या कायद्यातही ही तरतूद होतीच. शिवाय, ज्या किमतीला माल द्यायचाच नाही त्या स्वस्त किमतीची जाहिरात करणं, किंवा पुरेसा माल न ठेवता, पुरेसे दिवस न देता नुसता स्वस्ताईचा डांगोरा पिटणं, हेही त्याच व्याख्येत बसतं.

मग ते खोडलेले ८,९९५ आले कुठून, असं तू विचारशील. ती एमआरपी. कमाल किरकोळ किंमत. आता बघ, 'कमाल' म्हणजे जास्तीत जास्त, इतकंच. बनवणारी कंपनी ती छापते, त्यात सगळे कर धरलेले असतात, आणि त्याच्यावर एक रुपयाही कुणी घ्यायचा नाही असा वैधमापन शास्त्राचा नियम आहे. पण ती किती छापायची, यावर बहुतेक वस्तूंच्या बाबतीत बंधन नाही. चार हजारांच्या मिक्सरवर नऊ हजार छापले, तर ते छापणं बेकायदा ठरत नाही. तो आकडा म्हणजे घराचं छत आहे. छताला टेकून कुणी राहत नाही, सगळे खाली जमिनीवरच वावरतात. ८,९९५ ला तो मिक्सर आजवर एका तरी बाईने घेतला असेल का? मला नाही वाटत. आणि आपण मात्र त्या छतापासून खाली किती अंतर आलो ते मोजून आनंदात उड्या मारतो. कमाल आहे ना?

माझी चुलत बहीण जर्मनीत असते. ती म्हणते, आमच्याकडे असं चालत नाही. युरोपीय संघात २०२२च्या मे महिन्यापासून नियम लागू झालाय की दुकानदाराने सूट जाहीर केली, तर आधीच्या ३० दिवसांतली त्याची स्वतःची सर्वांत कमी किंमत दाखवायची. मग तिथल्या एका मोठ्या दुकानसाखळीने केळी आणि अननसाच्या जाहिरातीत ती ३० दिवसांची किंमत छापली खरी, पण कुठे, तर बारीक अक्षरात. टक्के मात्र वेगळ्याच किमतीवरून काढले. प्रकरण थेट युरोपच्या न्यायालयात गेलं, आणि २०२४च्या सप्टेंबरात निकाल लागला की टक्केसुद्धा त्या सर्वांत कमी किमतीवरूनच काढायचे. केळ्यांसाठी एवढं! ऐकून मला हेवाच वाटला.

आपल्याकडे असा ३० दिवसांचा नियम नाही. म्हणजे ते ३० दिवस आपणच मोजायचे. घाबरू नकोस, हे वाटतं त्याहून सोपं आहे. कांद्या-बटाट्यात तुला कुणी फसवू शकतं का? मंडईत भाजीवाल्याने "साठचा कांदा तुमच्यासाठी चाळीसला" म्हटलं, तर तू त्याच्याकडे बघून हसशील आणि पुढच्या गाळ्यावर जाशील. कारण कालचा भाव तुला तोंडपाठ असतो. फ्रिजचा भाव आपल्याला पाठ नसतो, एवढंच. दहा वर्षांतून एकदा घ्यायची वस्तू, तिचा भाव पाठ असणार तरी कसा? म्हणून मी वही ठेवलीय. दुधाच्या हिशेबाची वही असते ना, तशीच साधी. घरात काही मोठं घ्यायचं ठरलं की आधी महिना-दीड महिना वस्तू यादीत टाकून ठेवायची आणि आठवड्यातून एकदा तारीख घालून भाव लिहायचा. फोनवर किमतीचा मागचा आलेख दाखवणाऱ्या साइटही आहेत, त्या बघ. पण वहीची सर त्याला नाही, कारण स्वतःच्या हाताने लिहिलेला आकडा डोक्यात राहतो. गेल्या वर्षी मी वॉशिंग मशीनसाठी असं केलं, तर सेलच्या आधीच्या पंधरवड्यात त्याच्या किमतीला चांगलं बाळसं आलेलं दिसलं. सेलच्या दिवशी ते उतरलं, आणि मशीन जिथे होतं तिथेच आलं.

भाव जुळवून बघताना मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वाच. दुकानातला आणि ऑनलाइनचा फ्रिज दिसायला जुळे भाऊ, पण नंबराच्या शेवटी एक अक्षर वेगळं. मग दुकानदार म्हणतो, "ताई, ते मॉडेल आमच्याकडे येत नाही," आणि तुलना तिथेच संपते. अशा वेळी लिटर, स्टार, कॉम्प्रेसरची वॉरंटी या तीन गोष्टी समोरासमोर मांड आणि त्यावरून ठरव.

आणखी एक गंमत सांगते, ही फार थोड्या बायका करतात. खोकं घरी आलं की फोडण्याआधी त्यावर छापलेली एमआरपी बघ आणि पडद्यावरच्या खोडलेल्या आकड्याशी ताडून बघ. ऑनलाइन विकणाऱ्यालाही एमआरपी, वजन-माप, मूळ देश, उत्पादकाचं नाव हे सगळं पानावर दाखवावं लागतं. काही विक्रेते तिथे मनाला येईल तो आकडा टाकतात. मी मागवलेल्या पाण्याच्या बाटल्यांवर छापील किंमत ६४९ होती आणि पडद्यावर खोडलेली होती १,२९९. असं दिसलं की ही सरळसरळ खोटी सूट. तिथे तुला कसला युक्तिवाद करायची गरज नाही. दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले की झालं.

आता त्या १८ मिनिटांकडे येऊ या. तुझा जीव त्यांनीच वर-खाली केला ना? एकदा रात्री बाराला दोन मिनिटं कमी असताना मी एक दुलई घेतली. घड्याळ धावतंय, "फक्त २ शिल्लक", "आत्ता ३७ जण बघतायत", माझा हात थरथरतोय, ओटीपी चुकला, पुन्हा मागवला, शेवटी एकदाची घेतली आणि अशी झोपले की जणू लढाई जिंकून आले. सकाळी बघते तर घड्याळ पुन्हा बारा तासांपासून सुरू, आणि अजूनही शिल्लक फक्त दोन! ते ३७ जण रात्रभर जागून दुलईच बघत होते बिचारे.

या खोट्या घाईला आता सरकारी नाव आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि पडद्यावरच्या अशा १३ चलाख्या ठरवून त्यांना मनाई केली. इंग्रजीत त्यांना डार्क पॅटर्न म्हणतात. तेराच्या तेरा मी तुला सांगत बसत नाही, पण दोन-तीन तुझ्या रोजच्या ओळखीच्या आहेत. तू न मागता टोपलीत येऊन बसलेला २९ रुपयांचा विमा किंवा दान, ही एक. नको म्हणायचं बटण असं लिहायचं, "नको, मला पैसे वाचवायचे नाहीत", म्हणजे तुला लाज वाटून तू हो म्हणशील, ही दुसरी. (हे बटण मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला माझ्या आत्याची आठवण झाली. "अजून एक पुरणपोळी घे, की माझ्या हातची आवडत नाही?" तिचं मात्र प्रेम असायचं गं.) आणि सदस्यत्व घ्यायला एक बटण पण सोडायला सात पायऱ्या, ही तिसरी. आधीच खूण करून ठेवलेले चौकोन तर २०२०च्या ई-कॉमर्स नियमांतच बंद केलेत. तुझा होकार तू स्वतः द्यायचा असतो. तरी ते अजून दिसतातच. म्हणून पैसे भरायच्या पानावर आलीस की वरून खालपर्यंत एकदा बोट फिरव, डाळ निवडताना फिरवतो तसं. खडा सापडतोच.

आणि त्याच पानावर बेरीज कर. हे मी तुला दटावून सांगतेय. वस्तू ४९९, मग हाताळणी शुल्क, मग प्लॅटफॉर्म शुल्क, मग रोख देणार तर त्याचं वेगळं, असं करत करत ५९० होतात. थेंब थेंब किंमत वाढवत न्यायची, ही त्या तेरांतली आणखी एक. नियम असा आहे की एकूण किंमत एका आकड्यात दाखवायची आणि तिची फोड द्यायची. एका मोठ्या, लहान मुलांच्या वस्तूंच्या साइटला याच कारणावरून २ लाख रुपये दंड झालाय. पानावर 'सर्व करांसहित एमआरपी' असं लिहून २७ टक्के सूट दाखवायची, आणि शेवटी सवलतीच्या किमतीवर जीएसटी वेगळा लावायचा. मग ती सूट प्रत्यक्षात १८ टक्क्यांच्या आसपासच उरायची. हेच दुकानांतही पूर्वी सर्रास चालायचं. 'सरसकट ४० टक्के सूट' असा फलक, आणि काउंटरवर "कर वेगळा, मॅडम". राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७च्या जानेवारीत ठणकावून सांगितलं की एमआरपीमध्ये सगळे कर आलेलेच असतात, तेव्हा एमआरपीवर सूट जाहीर केलीत तर वर पुन्हा कर लावता येणार नाही. हां, बिलावर जीएसटी वेगळ्या ओळीत दिसला म्हणून लगेच भांडायला उठू नकोस. ती बऱ्याचदा किमतीच्या आतली फोड असते. शेवटचा आकडा जाहीर केलेल्या किमतीइतकाच आहे ना, तेवढं बघ.

'७० टक्क्यांपर्यंत' मधला 'पर्यंत' वाचायला मला भिंग लागतं. त्यावरही २०२२च्या जूनमध्ये निघालेल्या सूचना आहेत: जाहिरातीतली अट दाव्याच्याच भाषेत आणि सहज वाचता येईल अशी हवी. म्हणजे "सगळ्यांवर सूट" हे मराठीत ठळक, आणि "ठरावीक कार्डांवर, ठरावीक वस्तूंवर" हे मात्र इंग्रजीत मुंगीच्या पायाएवढं, असं करता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करायचा अधिकार त्या प्राधिकरणाला आहे.

बँकेच्या कार्डाच्या सवलतीपायी मी काय करते ते सांगते, तू करू नकोस. ५,००० च्या खरेदीवर १० टक्के सूट होती, माझी खरेदी झाली ४,३००. मग ५०० रुपये मिळवण्यासाठी मी ७०० चा टोस्टर घेतला. आमच्याकडे सकाळी पोहे, उपमा, नाही तर कालची पोळी. टोस्टर माळ्यावर आहे. हवा असेल तर घेऊन जा.

फ्रिज हप्त्यावर घेणार असशील तर 'नो कॉस्ट ईएमआय' या शब्दांवर भाळू नकोस. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलंय. होतं काय, की व्याजाइतकी सूट विक्रेता आधी देतो आणि बँक ते व्याज तुझ्याकडून हप्त्यांत घेते. क्रेडिट कार्डावर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, वर प्रक्रिया शुल्क असतं. फार नाही, पण शून्यही नाही. आणि एकरकमी घेणाऱ्याला तीच वस्तू स्वस्त देतायत का, ते आधी विचार. बऱ्याचदा देतात.

किराण्यात मोठा पॅक स्वस्तच असणार असं धरून चालू नकोस. डिटर्जंटचा ४ किलोचा पॅक ६४० ला, म्हणजे किलोला १६०. आणि शेजारीच १ किलोची पिशवी १४९ ला. पाकिटावर आता दर ग्रॅमला किंवा किलोला किती पडतं ते छापलेलं असतं. तो आकडा बघायचा, पाकिटाचा आकार बघायचा नाही. मी पाच लिटर फिनेल आणलं होतं तेव्हा हे मला माहीत नव्हतं. घराला सहा महिने सरकारी दवाखान्याचा वास येत होता.

आता तुझी खरी भीती. मला माहितेय, तुझ्या मनात काय आहे: फसलेच तर करायचं काय, मोठ्या कंपनीपुढे आपलं कोण ऐकणार. मलाही तसंच वाटायचं. मग कुकरचं प्रकरण घडलं. एका सेलमध्ये ५ लिटरचा स्टीलचा कुकर ९९९ ला मिळाला. पैसे भरले, पावती आली. दोन दिवसांनी मेसेज, "माल शिल्लक नसल्याने ऑर्डर रद्द." ठीक आहे म्हटलं. सहज बघितलं तर तोच कुकर, तोच विक्रेता, १,८५०, आणि "उद्या घरपोच". वर माझे ९९९ रुपये खात्यात न देता त्यांच्याच ॲपच्या पाकिटात टाकलेले. म्हणजे पैसे परत, पण त्यांच्याच दारात खर्च करायचे. माझं डोकं असं तापलं म्हणून सांगू!

सुदैवाने मी ऑर्डर देताना पानाचे फोटो काढून ठेवले होते. ही सवय लाव. पैसे भरायच्या आधी तीन फोटो: वस्तूचं पान, अटी, आणि शेवटची बेरीज. पुढे पान बदलतं, पण तुझ्या फोनमधला फोटो बदलत नाही. मग ॲपच्या तळाशी जाऊन तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल शोधला. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तो अधिकारी नेमावा लागतो, नाव-पत्ता पानावर द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. चॅटवरच्या गोड बोलणाऱ्या यंत्राशी मी तीन दिवस वाद घालत बसले होते, तो वेळ वायाच गेला. "आपल्या भावना आम्ही समजू शकतो," असं ते दर वेळी म्हणायचं.

ईमेलला पोच आली, उत्तर आलं नाही. मग १९१५ ला फोन केला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. मी आधी इंग्रजी वाक्यं कागदावर लिहून काढली होती, ती तशीच राहिली. पलीकडच्या मुलीने शांतपणे सगळं ऐकलं, तक्रार क्रमांक दिला, आणि बारा दिवसांत माझे ९९९ रुपये बँकेत जमा झाले. सोबत २०० रुपयांचं कूपन आलं, ते मी वापरलं नाही. कुकर मिळाला नाही, हेही सांगून टाकते. ही हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नाही. ती कंपनीकडे तक्रार पाठवते, पाठपुरावा करते. बरीच भांडणं तिथे मिटतात, सगळीच नाही.

तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. आयोग म्हटलं की डोळ्यांपुढे काळे कोट येतात ना? वकील असलाच पाहिजे असं नाही. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. कंपनीचं कार्यालय गुरुग्रामला असो की बेंगळुरूला, तू जिथे राहतेस त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. २०१९च्या कायद्याने आपल्यावर केलेला हा सगळ्यांत मोठा उपकार आहे असं मला वाटतं. तक्रार 'ई-जागृति' या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. मात्र ९९९ रुपयांसाठी आयोगात जायचं की नाही, हे आपल्या वेळेकडे आणि जिवाकडे बघून ठरव. मी गेले नसते. ४० हजारांच्या फ्रिजसाठी नक्की गेले असते, डबा बांधून.

आणि दुकानातून घेतलंस तर बिल सोडू नकोस. बिल न देणं हीसुद्धा कायद्याने अनुचित प्रथा आहे. "बिल नको तर दोनशे कमी करतो" म्हणणारे काका गोड असतात, पण फ्रिज गार होईना की ओळख देत नाहीत.

तर तू फ्रिज घेतलाच असशील तर मला त्याचा मॉडेल नंबर पाठव, मी आमच्या इथल्या दुकानात विचारून ठेवते. भावात फार फरक नसेल तर मजेत वापर, मनाला लावून घेऊ नकोस. आणि घेतला नसशील, तर एक महिना काही बिघडत नाही. दूध मातीच्या भांड्यात पाण्यात ठेव, भाजी रोजची रोज आण, दही माझ्याकडून घेऊन जा. फक्त आजच एक वही उघड, पहिल्या पानावर त्या फ्रिजचा आजचा भाव लिही. तारखेसकट.